हौसिंगखालची राख

गोटीरामाला संशय यायला कारण लागत नसे. आधी संशय यायचा, कारण तो मागाहून सवडीनं शोधायचा. म्हशीनं दूध कमी दिलं की कोणीतरी पहाटे पिळून गेलं. समोरून येणारा हसला तर हा का हसला, आणि नाही हसला तर ह्याच्या पोटात काय आहे? बायको बायडाबाई वैतागून म्हणायची, "देवापुढं हात जोडता तवा बी तुमचा एक डोळा बाहेरच्या चपलांवर असतो." आणि ते काही खोटं नव्हतं.

अशा माणसाच्या अंगणात एका सकाळी ट्रॅक्टरखाली तेल सांडलेलं दिसलं. आता बोला!

ब्याऐंशी सालचे ते दिवस. घोटीच्या पलीकडे, नजर टाकाल तिकडे भाताची खाचरं, अशा गावात गोटीरामानं त्या उन्हाळ्यात एक जुना निळा ट्रॅक्टर आणला होता आणि शेवटची बैलजोडी घोटीच्या बाजारात नेऊन विकली होती. ट्रॅक्टर चालवायचा त्याचा धाकटा भाऊ वाळू. गोटीरामाला चालवता येत नव्हतं असं नाही. पण वळण आलं की तो तोंडानं "हो, हो, हो" करायचा आणि ट्रॅक्टर काही ऐकायचा नाही. शेजाऱ्याचा बांध आडवा केल्यावर त्यानं किल्ली वाळूच्या हातात दिली आणि आपण मागं मडगार्डवर बसून सूचना द्यायला लागला.

दोघा भावांत वयाचं अंतर बापलेकाएवढं. आईबाप गेले तेव्हा वाळू रांगत होता. बायडाबाई नवी नवरी होऊन आली ती त्याला कडेवर घेऊनच घरात वावरली. आता वाळूचं लग्न झालं होतं, साळूबाई घरात आली होती, तरी चूल एकच होती. गावातल्या बाकीच्या भावांच्या चुली एकेक करून वेगळ्या झालेल्या, अंगणात कुडाचे आडोसे उभे राहिलेले. गोटीराम चार माणसांत बसला की पानाला चुना लावत हटकून म्हणायचा, "आमच्या घरातून अजून एकच धूर निघतो." जमिनीचा, ट्रॅक्टरचा, कशाचाच त्याला एवढा अभिमान नव्हता जेवढा ह्या एका धुराचा होता.

पण त्याच उन्हाळ्यात साळूबाईचा बाप पाहुणा आला होता. पडवीत बसून तो जावयाला हळूच म्हणाला, "आता तुमचं बी कायतरी वायलं बघा." वाळू काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. गोटीराम भिंतीआड दोरी वळत बसला होता. त्याच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

आणि दसरा उलटल्यावर हे तेल. ट्रॅक्टरच्या पोटाशी जाडजूड लोखंडी हौसिंग असतं. गिअरचा पुढचा भाग आणि मागचं धूड तिथं एकमेकांना बोल्टांनी जोडलेले. त्या जोडातून तेल पाझरत होतं. मागचा नांगर उचलला जातो तो ह्याच तेलाच्या जोरावर. तेल गेलं की नांगर वर येत नाही, आणि मग ट्रॅक्टर नुसता मिरवायला. भात निघाल्याबरोबर हरभऱ्यासाठी रानं नांगरायची होती.

"जुनं पॅकिंग हाय दादा, गेलं आसंल," वाळू खाली वाकून म्हणाला.

"पावसाळाभर नाय गेलं, आताच कसं गेलं?"

"मशीन हाय ते. जातं."

गोटीरामानं त्याच्याकडं नीट बघितलं. एवढ्या झटकन उत्तर कसं काय तयार होतं ह्याच्याजवळ?

घोटीहून कोंडाजी मिस्त्रीला बोलावणं गेलं. कोंडाजीनं नाशिकच्या एका वर्कशॉपात उमेदीची वर्षं काढली होती आणि आता भाताच्या गिरण्यांमागं स्वतःचं शेड टाकलं होतं. हात चांगला, तोंड फटकळ. त्यानं ट्रॅक्टर सपाट जागी घेतला, पुढच्या चाकांना पाचरी मारल्या, पोटाखाली जॅक आणि लाकडी ठोकळे दिले. सगळं तेल स्वच्छ डब्यात काढून वर फडकं बांधलं. मग जोडाचे बोल्ट काढून मागचं धूड चाकांवर हळूहळू मागं सरकवलं. ट्रॅक्टर चिरलेल्या भोपळ्यासारखा अंगणात दोन ठिकाणी उभा राहिला. गोटीराम खाट टाकून समोरच बसला होता आणि कोंडाजीनं काढलेला प्रत्येक बोल्ट डोळ्यांत तेल घालून बघत होता, न जाणो, एखादा खिशात टाकायचा.

कोंडाजीनं जोडात दाबून बसवलेलं जाड कागदाचं जुनं पॅकिंग खरवडलं, दोन्ही तोंडं रॉकेलनं धुतली. मग वरची धूळ आत पडायला नको म्हणून तो हौसिंगच्या पाठीवर फडकं फिरवू लागला. तिथं गिअरच्या दांड्यामागं बोटभर उंचीची एक टोपी वर आलेली होती. लालभडक रंगवलेली, त्यावर सोनेरी बेगड, वर दसऱ्याचं कुंकू आणि झेंडूचं सुकलेलं फूल. कोंडाजीनं तिकडं हात नेला मात्र,

"आँ आँ! त्याला नाय हात लावायचा!" गोटीराम खाटेवरून ओरडला. "पूजेचं हाय ते!"

कोंडाजीचा हात हवेतच थांबला. तो बौद्धवाड्यातला माणूस. ह्या घरात त्याच्या चहाची कपबशी वळचणीला वेगळी खोचून ठेवलेली असायची. असल्या ओरडण्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं हात मागं घेतला, फडकं खिशात कोंबलं आणि खाली जोडाशी जाऊन बसला. त्या टोपीकडं त्यानं पुन्हा बघितलंसुद्धा नाही.

नाशिकहून आणलेलं नवं पॅकिंग त्यानं शेलॅकचा चिकट लेप देऊन बसवलं, धूड पुढं सरकवून जोड मिळवला, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले. तेल परत भरलं. वाळूनं ट्रॅक्टर चालू करून नांगर वर-खाली करून दाखवला. जोड कोरडा ठणठणीत. गोटीराम त्या रात्री घोरत झोपला.

दिवाळीच्या आत तेल परत आलं. पहिल्यापेक्षा जास्त.

कोंडाजी परत आला, तोंड वाकडं करून. परत पाचरी, परत जॅक, परत सगळी उघडाउघड. पॅकिंग बाहेर काढून तो बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिला. ते आतून कोणीतरी बाहेर रेटल्यासारखं दिसत होतं. त्याला काही उमजेना, आणि उमजत नाही असं म्हणवेना, कारण घोटीत त्याचं नाव होतं ते ह्याच कामासाठी. आपल्यावर येणारं बालंट माणूस आधी दुसऱ्याकडं ढकलून बघतो. कोंडाजी काही देव नव्हता. नवं पॅकिंग बसवून झाल्यावर हात पुसता पुसता तो आवाज उतरवून म्हणाला,

"भाऊ, माझ्या हातचं पॅकिंग असं जात नाय. कोणीतरी बोल्ट सैल करतंय. आन् तुमच्या अंगणात येऊन बाहेरचा माणूस कशाला ट्रॅक्टरखाली शिरंल?"

झालं! गोटीरामाच्या डोक्यात सगळं कसं एका ओळीत बसलं. सासऱ्याचं ते बोलणं. वाळूचं ते झटकन उत्तर. ट्रॅक्टर बिघडला म्हणजे विकायचा, विकला म्हणजे वाटणी आली, वाटणी आली म्हणजे चूल गेली. कुठं पाणी मुरतंय ते कळलं. आपण ज्याला घास भरवला तोच! त्याला जेवण जाईना. बायडाबाईनं विचारलं तर म्हणाला, "तू नको मधी पडू."

त्यानं पाना वाळूकडून काढून घेतला आणि आपल्या उशाखाली ठेवायला लागला. तेल किती आहे हे बघायचं बूच सकाळी, ट्रॅक्टर गार असताना, तो स्वतः उघडायचा. आणि त्यानं आणखी एक गोष्ट केली. खळ्यावर भाताची रास लागली की तिच्यावर राखेच्या रेघा ओढायच्या, म्हणजे कोणी ओंजळभर उचललं तरी रेघ मोडते आणि चोरी कळते, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. गोटीरामानं चुलीतली राख सुपात घेतली आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली नीट चाळल्यासारखी पसरली. बोल्टांवरून हौसिंगपर्यंत चुन्याच्या बारीक रेघा मारल्या. कोणी बोल्ट फिरवला की रेघ तुटणार. पानाचा चुना असा कामाला आला.

सकाळी तो उकिडवा बसून बघायचा. राखेच्या मधोमध तेलाचा काळा डाग, पण कडेची राख जशीच्या तशी. चुन्याची एकही रेघ तुटलेली नाही. दुसऱ्या कोणाला यातून कळलं असतं की इथं कोणाचाच हात लागत नाही. गोटीरामाला एवढंच कळलं की वाळू आपल्याला वाटलं होतं त्याहून हुशार आहे.

मग एका संध्याकाळी तो खळ्यावरून लवकर घरी आला. दिवेलागणीला अजून अवकाश होता. अंगणात पाऊल टाकतो तर ट्रॅक्टरखालून दोन पाय बाहेर आलेले.

"वाळू!"

वाळू सरपटत बाहेर आला. हातात तेलानं काळं झालेलं फडकं. दोन्ही गुडघ्यांना राख.

"काय करत व्हतास?"

"पुसत व्हतो."

"कशापायी?"

वाळू घुटमळला. मग म्हणाला, "सकाळी तुमची नजर त्या डागावर पडती आन् सगळा दिस नासतो. म्हणून म्हणलं, पुसून ठेवावं."

"पुसत व्हतास का सैल करत व्हतास?" गोटीरामाचा आवाज चढला. "मोडला म्हंजी इकायचा, इकला म्हंजी वाटणी! हेच शिकवून गेला ना तुझा सासरा?"

"अहो!" उंबऱ्यातून बायडाबाई ओरडली. साळूबाईचा हात तोंडावर गेला होता. कुडावरून शेजारची डोकी वर आली. वाळूनं वाकून आपले गुडघे बघितले, मग ट्रॅक्टरखाली पसरलेली राख बघितली. खळ्यावर लहानपणापासून त्यानंही रेघा ओढल्या होत्या. त्याला सगळं समजलं.

"राशीवर टाकतो तशी राख टाकली व्हय, दादा?" तो हळू म्हणाला. "माझ्यासाठी?"

वाळूनं खिशातून किल्ली काढली आणि पडवीतल्या खुंटीला अडकवली. "कामाला रोज येईन. पण उद्यापासून आमचं आम्ही शिजवू," एवढं बोलून तो आत गेला. बायडाबाई त्याच्या मागं गेली, रडली, आणा-भाका घातल्या, पण तो बधला नाही. त्याचंही डोकं थोरल्याचंच होतं.

सकाळी साळूबाईनं पडवीच्या दुसऱ्या टोकाला तीन दगड मांडले. गोटीरामाच्या घरातून दोन धूर निघाले आणि साऱ्या गावानं ते बघितले. पारावर कोणी त्याला काही विचारलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

आता ट्रॅक्टर त्याचा तोच चालवायला लागला. वाळू विळा घेऊन खाचरात जायचा, कापणी करायचा आणि थोरल्याकडं न बघता परत यायचा. किल्ली गोटीरामाच्या कमरेच्या करगोट्याला, पाना उशाखाली, वाळू ट्रॅक्टरच्या सावलीलासुद्धा नाही. आणि तेल गळतंच होतं! बरं, आता तरी डोक्यात उजेड पडावा की नाही? छे! हा म्हणतो, आधीच काहीतरी करून ठेवलंय त्यानं. त्यानं कोंडाजीला तावातावानं निरोप धाडला: येऊन जा, नाहीतर बाजारात तुझी अब्रू काढतो.

कोंडाजी यायच्या दिवशी गोटीरामानं सकाळभर नांगरट केली. ऊन डोक्यावर आलं तसा नांगर धड वर उचलेना. तो शिव्या घालत घरी आला आणि ट्रॅक्टर तापलेला असतानाच किती तेल उरलंय ते बघायला बूच फिरवायला लागला. एरवी हे काम पहाटेच्या गारव्यातलं. बूच अर्धं फिरतं न फिरतं तोच 'फस्स' करून आतून वारा सुटला. बूच त्याच्या हातातून उडालं, गरम तेलाचा फवारा तोंडावर आला आणि गोटीराम "मेलो, मेलो!" करत मागच्या मागं बसला.

तोंड पुसायला तो पडवीकडं वळला. तिथं दोन चुली पेटलेल्या. बायडाबाई ह्या टोकाला पाठ करून बसलेली, साळूबाई त्या टोकाला. साळूबाईनं नव्या तांदळाचा भात चढवला होता. वाऱ्यानं धूळ जाऊ नये म्हणून पातेल्यावर झाकण आणि झाकणावर भला मोठा दगड. पेज फसफसून कडेनं खाली उतरत होती, जाळ चुरचुरत होता. साळूबाई फडक्यानं पेज पुसायची, पेज परत यायची, ती परत पुसायची. दोघींचं बोलणं बंद होतं, पण बायडाबाईला ते बघवेना.

"अगं, पुसतीस काय बाई!" ती तिथूनच ओरडली. "वरचा दगड काढ आधी! वाफंला वरून वाट नाय ठेवलीस तर ती कडंनंच येणार ना!"

साळूबाईनं दगड काढला. पातेलं गुमान शिजायला लागलं.

गोटीराम तोंडाला नुसता तळहात लावून तसाच उभा. कडेनं येणारी पेज. पुसलं तरी परत येतं. वरून वाट नाही. त्याच्या कानात ते 'फस्स' अजून घुमत होतं. तो वळला आणि ट्रॅक्टरकडं गेला, आधी चालत, मग जवळजवळ पळत.

ट्रॅक्टर घेताना जुन्या मालकानं एकेक भाग दाखवला होता. "ही टोपी," त्यानं सांगितलं होतं, "बारीक भोक हाय हिला. आत तेल तापतं, वारा फुगतो, तो हिच्यातून भाईर पडतो. हे ह्याचं नाकच समजा." गोटीरामानं मान हलवली होती. त्याचं लक्ष तेव्हा जुना मालक टायरच्या भेगा लपवतोय का इकडं होतं.

आणि मग आला पोळा. गावभर शिंगं रंगवली जात होती, झुली निघत होत्या, आणि गोटीरामाचा गोठा रिकामा. जन्मात पहिल्यांदा. त्याचे हात शिवशिवायला लागले. "मशीनला कशाला रंग, दादा?" वाळू म्हणाला होता, आणि त्यावर गोटीराम केवढा भडकला होता! "तू नको हात लावू, मी बघतो माझं." लाल रंगाचा डबा घेऊन त्यानं मडगार्डवर पट्टे ओढले. दांड्यामागची ती टोपी त्याला हुबेहूब शिंगाच्या टोकासारखी वाटली. विकलेल्या पवळ्या बैलाच्या शिंगाला द्यायचा तसा त्यानं तिला रंग दिला, वाळला तसा परत दिला, टोकाला पितळी शेंबी चढवावी तशी बेगड चिकटवली. डोळे भरून आले होते त्याचे तेव्हा. मशीनला कोणी इतक्या मायेनं नाक दाबून मारलं नसेल!

"आरारारा!" गोटीराम स्वतःशीच म्हणाला.

तो खिशातला चाकू काढून रंग खरवडायला लागला. लाल पापुद्रे निघू लागले. आणि त्या घटकेला त्याच्या मनात काय आलं? कोणी बघायच्या आत खरवडून टाकावं. उद्या गळायचं थांबेल, देवाची कृपा म्हणून सांगावं. कोणाला काय कळतंय! वाळूवरचा डाग वाळूवर राहिला असता, पण आपलं हसं तरी झालं नसतं. असा विचार आला, आणि आला तसा लगेच गेलाही नाही. हात भराभर चालत होता.

"काय करताय, भाऊ?"

कोंडाजी हत्यारांची पिशवी घेऊन मागं उभा होता. त्यानं पायदानावर पडलेले लाल पापुद्रे बघितले, मग टोपी बघितली. ह्या वेळी त्यानं कोणाला विचारलं नाही. टोपी फिरवून काढली, तोंडाला लावून फुंकली. हवा काही जाईना.

"अरे, हा तर ठार बंद हाय!" तो असा ओरडला की कुडावर परत डोकी आली. "मी म्हणतोय पॅकिंग आतून रेटलेलं का दिसतंय! वरून वाट नाय तर जोर जोडावरच येणार. माझी दोन्ही पॅकिंगं मातीत घातली! कोणी फासला हा रंग? कोणी?"

गोटीरामाच्या नखांत लाल रंग होता. त्यानं हात मागं घेतला. खाचरातून नुकताच आलेला वाळू विळा घेऊन पडवीशी उभा होता. त्यानं थोरल्याचा मागं गेलेला हात बघितला, कुडावरची डोकी बघितली.

"मी फासला, मिस्त्री," वाळू म्हणाला. "पोळ्याला. माझंच चुकलं."

आणि गोटीरामाला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हा का असं म्हणतोय? ह्यात ह्याचा काय डाव? अगदी हेच वाटलं त्याला. त्यानं वाळूच्या तोंडाकडं डाव शोधायला म्हणून बघितलं. तिथं डाव नव्हता. कापणीची धूळ होती, घाम होता, आणि चारचौघांत थोरल्याची मान खाली जाऊ नये एवढीच काळजी होती. गोटीरामाला स्वतःची अशी किळस आली की त्याला तिथं उभं राहवेना.

"तू फासलास?" कोंडाजी म्हणाला. "मग मी हात घातला तवा हे कशापायी वरडले माझ्यावर?"

"खोटं बोलतंय ते पोरगं!" गोटीराम फुटलाच. "मी फासला! तो नको म्हणत व्हता तरी मी फासला. तुमचा हात अडवला तो बी मीच. आन् घरच्या माणसाखाली राख टाकून त्याला चोर म्हणलो, तो बी मीच. ऐकलं का रे सगळ्यांनी? नीट ऐका!" हे शेवटचं तो कुडाकडं तोंड करून म्हणाला. डोकी एकेक करून खाली गेली.

कोंडाजीनं टोपी उलटी करून तळहातावर झटकली. मग वाळूकडं न बघता म्हणाला, "घरातलाच हात हाय, हे माझ्या तोंडचं व्हतं, वाळू." आणि कामाला लागला. टोपी रॉकेलात बुडवून तारेनं भोक मोकळं केलं, फुंकून बघितलं, परत बसवली. जोड उघडून नवं पॅकिंग बसवलं. ह्या खेपेला पाना द्यायला, ठोकळे सरकवायला वाळू होता. गोटीराम खाटेवर बसला नाही. संध्याकाळी काम झालं तेव्हा बायडाबाई घरातल्या कपात चहा घेऊन अंगणात आली.

"चहा नको, वयनी," कोंडाजी पिशवी उचलत म्हणाला. "पुढच्या वेळी टोपीला हात लावू द्या, तेवढं पुरं." तो गेला, आणि बायडाबाई कप घेऊन तशीच उभी राहिली.

गोटीरामानं करगोट्याची किल्ली सोडून वाळूपुढं धरली. वाळूनं ती घेतली. उशाखालचा पानाही गोटीरामानं आणून दिला.

"आन् चूल?" त्यानं विचारलं.

"चूल राहू द्या, दादा."

"मी चारचौघांत कबूल केलं रे."

"केलं. म्हणून तर किल्ली घेतली." वाळूचा आवाज चढला नाही. "पण उद्या दुसरं कायतरी गळंल. तुम्ही परत राख टाकाल. मला रोज घरात येताना आपलेच गुडघे बघायचे नाय."

वाळू खोटं बोलत नव्हता.

सकाळी तो सवयीनं ट्रॅक्टरखाली वाकला. जोड कोरडा होता, जमीन कोरडी होती. कडेची राख मात्र एवढ्या उघडाउघडीतूनही उरलेली, आणि तिच्यात त्या संध्याकाळचे वाळूच्या दोन गुडघ्यांचे ठसे. गोटीराम त्या ठशांकडं बघत बसला आणि त्याला रडू आलं. अंगणात बसून, हमसून हमसून रडला तो. मग नाक पुसून त्यानं तेल लागलेली राख बाजूला काढली आणि चांगली राख हातानं सुपात भरली.

पडवीच्या त्या टोकाला साळूबाई भाताचं पातेलं घासायला बसली होती. पेज करपून कडेला घट्ट चिकटलेली. ती चुलीत बोटांनी राख शोधत होती, पण नव्या चुलीत राख ती किती असणार! गोटीराम सूप घेऊन तिच्यापुढं येऊन उभा राहिला. साळूबाई गडबडून उठली, पदर डोक्यावर ओढला.

"घे," तो म्हणाला. "तेलाची काढून टाकलीया."

तिनं सूप घेतलं. त्या राखेकडं तिनं क्षणभर बघितलं. कुठली आहे ते तिला ठाऊक होतं. तरी मूठभर घेऊन ती पातेलं घासायला बसली. गोटीराम जायला वळला तेव्हा ती खाली मान घालूनच म्हणाली,

"दादा, आज इथं भात टाकू का तुमचा?"

का विचारते ही? काय हवं आहे हिला? सवयीनं प्रश्न आलाच. गोटीरामानं तो येऊ दिला, आणि तो मनात असतानाच म्हणाला,

"टाक."